पाच मंडळं, एक दरी

कडी निघत नव्हती.

आत आपटेकाका खुर्चीवरून घसरून जमिनीवर आले होते. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे, चेहरा ओल्या खडूसारखा. तिवारीजी आतून दार ओढत होते आणि ओरडत होते, "अरे खोलो, आदमी मर रहा है!" बडी बहनजी, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्य बाई, खिडकीचे गज धरून माझ्याकडे बघत होत्या.  त्या रागावल्या की शाळा ऐकायची, पण त्यांची ती नजर मी कधी पाहिली नव्हती.  आणि ती कडी बाहेरून मीच लावली होती. चुकून नाही, मुद्दाम.

माझ्या शेजारी रामकली उभी होती. तिच्या मुलीच्या एका कागदासाठी हे सगळं झालं होतं, आणि आता तिलाच कागद नको झाला होता. "जिज्जी, जाने दो फॉर्म," ती म्हणत होती, "पहले दरवाजा खोलो." मी काय उघडायचं नाही म्हणत होते का? दोन्ही हातांनी ओढत होते. कडी जागची हलत नव्हती.

आता हे इथवर कसं आलं ते सांगते.

जुनी इंदूर भागातल्या एका शाळेत मी आया होते. स्वतः चौथी पास. शाळेत पहिलीपासून आठवीपर्यंत वर्ग, शिकवणं हिंदीत, आणि मराठी पोरांसाठी मराठीचा एक तास. आयाचं काम म्हणजे घंटा वाजवणं आणि पाणी भरणं, असं लोकांना वाटतं. तेही करायचं. पण कुठलं पोर उपाशी आलंय हे मास्तरणीला परीक्षेत कळतं, आयाला सकाळच्या प्रार्थनेत कळतं. उपाशी पोर 'सावधान' म्हटलं की डुलतं. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाचा बाप परत प्यायला लागला, कोणाची आई माहेरी गेली, हे वेणीवरून आणि डब्यावरून समजतं. वेणी बापानं घातली असेल तर ती एका बाजूला पळते.

घंटा मी मिलच्या भोंग्यावर द्यायची. ऑफिसातलं घड्याळ कधी बरोबर नसायचं, पण मिलचा भोंगा चुकत नसे. मग एकेक मिल बंद पडायला लागली. एक भोंगा थांबला तर मी दुसऱ्यावर घंटा द्यायला लागले, दुसरा थांबला तर तिसऱ्यावर. शेवटचाही गप्प झाला त्या आठवड्यात मी अंदाजानं घंटा दिली आणि शाळा वीस मिनिटं आधी सुटली. पोरं खूश. बडी बहनजी म्हणाल्या, "कांताबाई, आता तुम्हीच मिल मालक झालात का?" दुसऱ्या दिवशी मला हातात घालायचं घड्याळ मिळालं. ते मी कमरेला खोचायची.

पालकांची सभा आधी एकच असायची. महिन्यातून एका शनिवारी. मी हॉलमध्ये मोठी निळी दरी, म्हणजे सतरंजी, अंथरायची, पुढे पुरुष बसायचे, मागे बायका. पुढच्यांत दोन-तीन जण बोलणारे. तिवारीजी उभे राहायचे आणि "शिक्षा का महत्व" या विषयावर सुरू व्हायचे. मिलमध्ये ते जॉबर, म्हणजे मुकादम होते, शंभर मागांच्या आवाजात बोलायची सवय, हॉलमध्येही तोच आवाज. मागच्या बायका पदर तोंडाशी धरून बसायच्या आणि चहा झाला की उठायच्या. एकदा मी दरी झटकताना बडी बहनजींनी विचारलं, "या बायका काही बोलत का नाहीत हो?"

मी म्हटलं, "माझ्याशी तर नळावर इतकं बोलतात की बादली वाहून जाते."

"मग इथे काय होतं?"

"इथे हिंदीत बोलावं लागतं, आणि तेही तिवारीजींच्या समोर."

बाई हुशार होत्या. पुढच्या महिन्यात त्यांनी मराठी पालकांची सभा वेगळी बोलावली. पहिल्याच दिवशी मिलच्या चाळीतली एक बाई उठली आणि सरळ म्हणाली, "मुलींच्या संडासाचं दार दोन वर्षं तुटलेलं आहे. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" कोणी सांगितलं नव्हतं. तिवारीजींच्या भाषणात संडास बसत नसे. आठ दिवसांत दार लागलं. म्हणून वेगळं मंडळ वाईटच, असं कोणी म्हणालं की मी ऐकून घेत नाही. ते दार मी पाहिलंय.

पण एक गोष्ट चांगली निघाली की लोकांना तशा पाच हव्या असतात. मराठी लोकांचं झालं म्हणून पूरबवाल्यांनी मागितलं. पूरबवाले म्हणजे यूपीकडून मिलसाठी आलेले. त्यांचे अध्यक्ष अर्थात तिवारीजी. मग सिंधी लोकांचं. मग गावाकडच्या मालवी लोकांचं, त्यांचं म्हणणं, "हम तो यहीं के हैं, हमारा पहले होना था." ते खरंही होतं. महिन्यात शनिवार चार, त्यामुळे चारांवर थांबेल असं मला वाटलं होतं. तेवढ्यात पीथमपूरला नव्या कंपन्या आल्या आणि पुण्या-नाशकाकडची नोकरदार माणसं आपल्या लेकरांना घेऊन इंदूरात आली. ती आमच्या मराठी सभेत दोनदा बसली. मंडळाचे अध्यक्ष आपटेकाका बोलत होते, "भिया, बच्चे लोकांचा रिझल्ट घसरतोय, थोडं लक्ष द्या ना बुवा." त्यावर पुण्याची एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "ही कुठली मराठी?" हळू म्हणाली, पण आपटेकाकांचे कान तरुण होते. "ही होळकरांची मराठी!" ते म्हणाले. झालं, पाचवं मंडळ.

मंडळं पाच, दरी एकच. पहिल्या शनिवारचा चहाचा डाग दुसऱ्या शनिवारवाले मला दाखवायचे. "ये मराठी लोगों ने किया होगा." मी म्हणायची, "डागाला बोलता येत नाही, नाहीतर विचारलं असतं." सिंधी मंडळ कचोरी आणायचं, त्या दिवशी मास्तरणींना सभेत फार रस. पुणेवाले घरून काही आणायचे नाहीत आणि सभा वेळेवर संपवायचे. मला तेच सगळ्यांत आवडायचे.

आता मराठी मंडळाच्या कपांचं सांगते. आम्ही बौद्ध, महूचे. माझे आजोबा पलटणीत होते, वडील पलटणीच्या गोदामात. शाळेत महूकडची बरीच घरं होती, बाप मिलमध्ये, बायका मराठी बोलणाऱ्या. त्या मराठी मंडळात आल्या, यायलाच हव्यात. तिसऱ्या सभेला आपटेकाकूंनी घरून कपबशा आणल्या, फुलाफुलांच्या. कपात चहा कोणाला आणि शाळेच्या स्टीलच्या ग्लासात कोणाला, हे कोणी बोललं नाही. काकूंनी ट्रे फिरवला आणि बरोबर फिरवला. महूच्या बायकांच्या हातात ग्लास आले. चहा तोच, साखर तीच. धुवायला मात्र कप आणि ग्लास दोन्ही माझ्याकडेच आले, आणि मीही महूचीच. ते काकूंच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. पुढच्या सभेला चहा मी ओतला. सगळ्या फुलांचे कप महूच्या बायकांना दिले आणि आपटेकाकांना ग्लास. "गरम राहतो काका," म्हटलं. काका प्याले. काकूंनी त्यानंतर कपबशा आणल्या नाहीत.

मी जिंकले असं मला वाटलं. पण महूच्या बायकांनी सभेला यायचंच सोडलं. चौघी-पाचजणी माझ्या घरी आल्या. "कांताबाई, आपलं वेगळं मंडळ काढू. तुम्ही अध्यक्ष व्हा. बाई तुमचं ऐकतात."

मी हसले. म्हटलं, "पाच मंडळांची दरी मी झटकते, सहावं काढून माझी पाठ मोडायची आहे का? आणि उद्या काय, प्रत्येक घराचं एक मंडळ काढायचं?" त्या गेल्या. मला फार शहाणं वाटलं. तो शहाणपणा मला पुढे महागात पडला.

मिल बंद झाल्यावर शाळेचा हिशेब कोलमडला, म्हणजे पोरांचा हिशेब. बाप रात्रीत सुरतेला जायचे, भिवंडीला जायचे, खोली रिकामी व्हायची. एका वर्षी आठवीच्या बोर्डाचे फॉर्म गेले आणि परीक्षेला पोरं आलीच नाहीत. शिक्षण खात्यातून विचारणा झाली, बडी बहनजींची पार लाज गेली. म्हणून त्यांनी एक चिठ्ठी छापून घेतली. ती आठवीच्या प्रत्येक फॉर्मला टाचायची. चिठ्ठीवर लिहिलेलं: हे कुटुंब आमच्या मंडळाच्या ओळखीचं आहे, इंदूरातच राहतं. खाली मंडळाच्या अध्यक्षाची सही. सही नाही तर फॉर्म पुढे नाही. बाईंचा विचार वाईट नव्हता. गल्लीतल्या माणसांना गल्लीतली माणसं ठाऊक असतात. बाईंनाच सगळ्यांची घरं कुठे पाठ असणार?

सह्या करायला मिळाल्यावर अध्यक्षांची चाल बदलली. तिवारीजी शर्टच्या खिशाला दोन पेन लावायला लागले. आपटेकाका सही करण्याआधी कागद दूर धरून वाचायचे, मग जवळ धरून वाचायचे.

आणि यात अडकली सुनीता. आठवीत पहिल्या पाचात असायची. हिची आई रामकली, पूरबवाल्यांच्या चाळीत वाढलेली. बाप भीमराव, महूचा, आमच्यातला. दोघांचं मिलच्या चाळीत जमलं आणि त्यांनी लग्न केलं. तिच्या लोकांनी तिला टाकलं, त्याच्या लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, मग दोघं त्या भागातून उठून शाळेमागे एका खोलीत आले. मिल बंद पडली तसा भीमराव सुरतेला गेला. पहिले काही महिने पत्रं आली. मग नाही. रामकली पापड लाटायची आणि मुलीला शिकवत होती.

चिठ्ठी घेऊन ती तिवारीजींकडे गेली. तिवारीजी म्हणाले, "बेटा, तू तो अब महाराष्ट्रीयन हो गई. उनके मंडल में जा." ती आपटेकाकांकडे गेली. काका म्हणाले, "भीमराव आमच्या सभेला कधी आलाय का? आणि तो इथे राहतच नाही. मी इंदूरात राहतो असं कसं लिहून देऊ? खोटं होईल ते." काकांचं म्हणणं कागदावर खरं होतं. म्हणूनच जास्त राग येत होता. महूवाल्यांचं मंडळ असतं तर पहिल्याच दिवशी मीच सही केली असती. ते मंडळ नव्हतं, कारण अध्यक्ष व्हायला सांगितलं तेव्हा मी हसले होते.

फॉर्म गेला नाही तर सुनीताचं वर्ष जाणार. आणि वर्ष गेलं तर तिचं काय होणार हे मला ठाऊक होतं. रामकलीच्या शेजारच्या मुली घरी बसल्या की पाटावर बसायच्या आणि पापड लाटायच्या, मग लग्न. सुनीता गणितात मास्तरणीची चूक काढायची. ती पाटावर बसलेली मला बघायची नव्हती.

फॉर्म जमा करायचा शेवटचा दिवस जानेवारीतला. ऑफिसचा बाबू दोन वाजता सगळे फॉर्म पिशवीत घालून सायकलवर निघणार होता. सकाळपासून रामकली ऑफिसच्या पायरीवर बसलेली. त्या दिवशी तिची सकट चौथ, मुलांसाठी तिच्याकडच्या बाया उपास करतात तो. तोंडात पाण्याचा थेंब नाही. साडेबाराला तिवारीजी आणि आपटेकाका दोघंही उरलेल्या सह्या करायला बडी बहनजींच्या खोलीत आले. मी तीन चहा नेले. काकांचा बिनसाखरेचा, त्यांना साखरेचा आजार होता.

मी आत गेले तेव्हा सुनीताचाच फॉर्म टेबलावर होता. बाई म्हणत होत्या, "कोई एक तो साइन कर दीजिए. बच्ची अच्छी है."

"बच्ची अच्छी है, कौन मना कर रहा है?" तिवारीजी म्हणाले. "पर हमारे मंडल की नहीं है."

"आमच्यातही नाही बसत," काका म्हणाले. "नियम तुमचाच आहे बाई, आम्ही तो पाळतोय."

"तो फिर लड़की किसकी है?" बाईंनी विचारलं.

दोघांनी चहा उचलला आणि एक घोट घेतला. एकाच वेळी. त्या घोटानं माझं डोकं फिरलं. मी ट्रे टेबलावर ठेवला, बाहेर आले, दार ओढलं आणि कडी लावली.

खिडकीशी जाऊन मी म्हटलं, "एका कोणाची तरी सही झाली की उघडते. घाई नाही. दोनपर्यंत वेळ आहे."

आधी त्यांना वाटलं मी गंमत करते. मग बाई म्हणाल्या, "कांताबाई, होश में हो?"

"आहे बाई. आजच आहे."

तिवारीजी भडकले. "नौकरी खा जाऊंगा तेरी!"

"खा. चहा तर झालाच आहे."

आपटेकाका मात्र शांत बसले. म्हणाले, "मी जबरदस्तीनं सही करणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या इंदूरात असं कोणी करून घेतलेलं नाही माझ्याकडून." आणि हाताची घडी घालून बसले. मला वाटलं होतं सगळ्यांत आधी ते हलतील. माणसं ओळखण्यात मी इतकी वर्षं फुकट घालवली म्हणायची.

अर्धा तास गेला. रामकली माझ्या पाया पडायला लागली, "जिज्जी खोल दो, मेरी बच्ची का नाम खराब होगा." मी तिला गप्प केलं. मला ते थोडं आवडायलाही लागलं होतं, खोटं कशाला सांगू? दोन अध्यक्ष आत आणि मी बाहेर. आणि तेव्हाच आपटेकाका घसरले.

सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घेऊन आले होते, घरी एक वाजता जेवायला जायचं होतं. ते मला ठाऊक नव्हतं, पण बिनसाखरेचा चहा मीच करायची. जेवण लांबलं की साखर उतरते, एवढं तर समजायला हवं होतं.

बडी बहनजी आतून ओरडल्या, "मीठा लाओ! कुछ भी मीठा!" टेबलावर तीन रिकामे कप. मी कडीला लटकलेली. ती दारं आत उघडणारी होती. आतून दार ओढलं की कडी कोंड्यात घट्ट बसते, आणि तिवारीजी मिलमधला सगळा जोर लावून ओढत होते. मी ओरडत होते, "ओढू नका! दार सोडा!" त्यांना वाटत होतं मी उघडत नाही, म्हणून ते आणखी ओढत होते.

रामकलीनं पदराची गाठ सोडली. त्यात एक तिळाचा लाडू होता, मधल्या सुट्टीत सुनीताला द्यायचा ठेवलेला. तिनं खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि बाईंच्या हातावर तो ठेवला. बाईंनी लाडू फोडला आणि बोटानं काकांच्या गालात भरला. काका चावत नव्हते. मग चावायला लागले.

आणि रामकली दाराशी आली, तिनं मला बाजूला ढकललं आणि फटीला तोंड लावून तिवारीजींना ओरडून सांगितलं. हिंदीत नाही, त्यांच्या गावाकडच्या बोलीत, दार सोडून मागे व्हा म्हणून. "काका! केवाड़ छोड़ि द्या! तनिक पाछे हटि जा!"

"हाँ बिटिया," आतून उत्तर आलं, आणि दार सैल झालं. मी इतका वेळ ओरडत होते ते त्या माणसाच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं. कडी एका बोटानं निघाली.

आत गेलो तर काका भिंतीला टेकून बसलेले, मिशीला तीळ लागलेले. बाईंनी कोणाला तरी शेजारून शरबत आणायला पिटाळलं, डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली आणि आम्हा सगळ्यांना एकदम रागावले. वाचले काका. पावणेदोन झाले होते. बाबू पिशवी घेऊन दारात उभा. "बाई, जाऊ का?"

मला वाटलं आता कोणीतरी सही करणार. लाडू खाल्लाय, बिटिया म्हटलंय, आता कसली अडचण? तिवारीजी खिडकीबाहेर बघत होते. आपटेकाका शरबत पीत होते. म्हणाले, "उपकार विसरणार नाही मी तिचे. पण भीमराव इथे राहत नाही हे खरंच आहे ना?"

बडी बहनजी उठल्या. ड्रॉवरमधून कात्री काढली. सुनीताच्या फॉर्मला टाचलेली चिठ्ठी कापून टोपलीत टाकली आणि फॉर्म बाबूला दिला. "जा."

 मग काका म्हणाले, "म्हणजे, ही चिठ्ठी खात्याला नकोच होती?"

"खात्यानं कधी मागितलीच नव्हती. माझी होती."

"मग मी इतक्या सह्या कशासाठी केल्या?"

बाईंनी कात्री परत ड्रॉवरमध्ये ठेवली. मला त्यांचाही राग आला. सकाळपासून एक बाई उपाशी पायरीवर बसलेली आणि कात्री ड्रॉवरमध्ये. मी विचारलं, "हे सकाळी का नाही केलंत?"

"सकाळी केलं असतं तर मंडळांना काय अर्थ राहिला असता, कांताबाई?" त्या म्हणाल्या. मग टोपलीकडे बघून, "आता तरी काय राहिलाय."

माझी नोकरी जाईल म्हणून मी घरी जाऊन किराणा सामान मोजून ठेवलं. पण काही झालं नाही. एका चौथी पास आयानं दोन अध्यक्षांना कोंडलं, हे बाहेर सांगायला दोघांपैकी कोणीही तयार नव्हतं. तिवारीजींनी सगळीकडे सांगितलं की कडी पुरानी थी, अपने आप गिर गई. काकांनी त्याला दुजोरा दिला. त्या एका गोष्टीवर मराठी मंडळ आणि पूरबवाल्यांचं मंडळ पहिल्यांदा एकमताचं झालं. बडी बहनजींनी मात्र मला बोलावून दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या हातून माणूस मेला असता." मी म्हटलं, "हो."  फॉर्म गेला म्हणून मी बरोबर होते असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्यानंतर वर्षभर मी काकांच्या सभेला साखरेची पुडी कनवटीला बांधून जायची.

चिठ्ठ्या बंद झाल्या. मंडळं चालू राहिली, पण नुसती बोलण्यापुरती, सह्यांसाठी नाही. पुढच्या वर्षी महूच्या बायका परत आल्या आणि मी अध्यक्ष झाले. पहिल्या सभेला दरी अंथरली, मग ती अंथरणारी आयाच, म्हणजे मी, तिच्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, "बोला." बोलायला आणि रडायला वेगळी जागा लागते बायकांना, हे मला पटलेलं आहे. पण कोण आपला आणि कोण नाही याचा दाखला मंडळाच्या हातात दिला, की मधल्या माणसाचं पोर पायरीवर राहतं. आणि मिल बंद झाल्यावर या शहरात मधलीच माणसं जास्त होती. आता नातीच्या शाळेत मोबाइलवर ग्रुप आहेत, मराठीवाल्यांचा वेगळा, अजून कोणाकोणाचा वेगळा. सून विचारते, "आई, जॉइन करू का?" मी म्हणते, "कर. फक्त त्यात कोण नाहीये ते बघत जा."

सुनीता त्या वर्षी आठवी पास झाली, पुढे बारावी, मग कॉलेज. सिमरोलला मोठं इंजिनियरिंगचं कॉलेज आहे, तिथे ती ऑफिसात कामाला आहे. भीमराव सुरतेहून परत आला नाही. बडी बहनजी निवृत्त होऊन भावाकडे उज्जैनला गेल्या आणि तिथेच वारल्या. तिवारीजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. आपटेकाका त्या दिवसानंतर नऊ वर्षं जगले. त्या दिवशी खोलीत तिघं होते आणि दाराबाहेर आम्ही दोघी. त्यांतल्या आता फक्त रामकली आणि मी, दोघीच उरलो आहोत.